निवासी प्रशिक्षण आणि प्रशासकाची घडण

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना अंमलात आली. विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला व मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कर्मचारीही तिच्याबरोबर भोपाळला गेले. नव्या राजधानीच्या विस्तारात शहराच्या दक्षिणेस जी वसाहत उभी राहिली, ती अरेरा कॉलोनी. याच वसाहतीच्या परिसरात, शाहपुरा तलावानजीक, मध्य प्रदेश शासनाची प्रशासन अकादमी आहे. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडात सेवेचा आरंभ करून पुढे मध्य प्रदेशाचे मुख्य सचिवपद भूषविलेले सनदी अधिकारी आर. सी. व्ही. पी. नरोन्हा यांचे नाव तिला देण्यात आले आहे. राज्य सेवेतील नवनियुक्त अधिकारी येथे प्रशिक्षण घेतात. अखिल भारतीय व केंद्रीय सेवांतील अधिकाऱ्यांचे पायाभूत पाठ्यक्रमही येथे झाले आहेत.

कायदे व नियम पुस्तकांतून शिकता येतात, व्याख्याने शहरातील कोणत्याही सभागृहात देता येतात. असे असता, अधिकाऱ्यांना काही महिने एका आवारात ठेवून शिकविण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

वसतिगृहाची शिकवण

स्पर्धा परीक्षा ही एकट्याने द्यावयाची असते. प्रशासन मात्र एकट्याने चालत नाही. परीक्षेतून नुकताच बाहेर पडलेला तरुण वसतिगृहात येतो, तेव्हा त्याचा गुणवत्ता क्रमांक हाच त्याचा अभिमान असतो. पहाटेच्या कवायतीत त्या क्रमांकाचा उपयोग होत नाही. धावताना दम लागला म्हणजे डॉक्टर, अभियंता व इतिहासाचा पदवीधर एकाच रांगेत मागे पडतात. मेसचा कारभार प्रशिक्षणार्थींच्या समितीकडे आला म्हणजे हिशेब, पुरवठा, तक्रार आणि टीका या चारही गोष्टींशी त्यांचा प्रथमच परिचय होतो. आमटी पातळ झाल्याची तक्रार ऐकून घेणे ही क्षुल्लक बाब वाटेल. परंतु पुढे टँकर वेळेवर न आल्याची तक्रार ज्याला ऐकावयाची आहे, त्याने या मेजावरच ऐकण्याची सवय लावून घेतलेली बरी.

सहवासाचा दुसरा लाभ अधिक टिकाऊ असतो. महसूल, वन, पोलीस व लेखा या खात्यांत पुढे कागदोपत्री मतभेद होणारच. तथापि ज्याच्याशी एकेकाळी एकाच खोलीत राहून रात्री वाद घातला, त्याला दूरध्वनी करून अडचण समजावून घेणे सोपे जाते. मोठी टिपणे लिहून महिनोन्महिने जे सुटत नाही, ते कित्येकदा अशा परिचयाने सुटते.

कागद आणि बांध

प्रशिक्षण आवाराच्या भिंतीत संपत नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. भारतीय प्रशासन सेवेसाठी अकादमीतील पहिला टप्पा, त्यानंतर जिल्ह्यातील प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि पुन्हा अकादमीतील दुसरा टप्पा, असा क्रम १९६९ पासून रूढ झाला. यातील मधला भाग सर्वांत मोलाचा. भूमी अभिलेखाचेच उदाहरण घ्यावे. महाराष्ट्रात तलाठ्याकडे सात-बारा, आठ-अ व फेरफार. मध्य प्रदेशात पटवाऱ्याकडे खसरा, खतौनी व नामांतरण. शब्द भिन्न असले तरी प्रश्न एकच असतो : कागदावर ज्याचे नाव आहे, तोच शेत कसतो काय? वडिलांच्या मृत्यूनंतर बहिणींची नावे नोंदली गेली काय? याचे उत्तर वर्गात मिळत नाही. त्यासाठी बांधावर उभे राहावे लागते आणि शेतकऱ्याच्या बोलीतील उत्तर समजावे लागते. जो अधिकारी स्थानिक भाषेत कच्चा राहतो, तो दुभाष्याच्या मर्जीवर राहतो आणि त्याची किंमत अर्जदार मोजतो.

शहराने शिकविलेला धडा

निवासी आवाराचा एक दोषही आहे. शांत रस्ते, झाडांची सावली, वेळेवर जेवण, आणि भोवती सर्व आपल्यासारखेच! अशा ठिकाणी काही महिने राहिलेल्यास बाहेरचे जग दूरचे वाटू लागण्याचा धोका असतो. भोपाळ शहर हा धोका विसरू देत नाही. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री शहराच्या उत्तरेकडील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाईल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. कारखान्यालगतच्या जयप्रकाश नगर, छोला, काझी कॅम्प यांसारख्या गरीब वस्त्यांवर सर्वांत मोठा घाला पडला. दक्षिणेकडील अरेरा कॉलोनी या आघातापासून पुष्कळशी दूर राहिली. धोक्याजवळ कोण राहतो आणि निर्णयाजवळ कोण राहतो, यांतील अंतर त्या रात्री उघड झाले. पुढे १९८७ साली आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था भोपाळमध्ये स्थापन झाली. तिचे कार्य अरेरा कॉलोनीतीलच पर्यावरण परिसरातून चालू लागले.

हे अंतर कमी करणे हीच निवासी प्रशिक्षणाची खरी कसोटी होय. म्हणूनच ग्रामभेट, खेड्यातील मुक्काम व श्रमदान यांना कार्यक्रमात केवळ सहलीचे स्थान नसावे. चार दिवस ज्या घरी पाहुणचार घेतला, त्या घरी शौचालय आहे काय, शिधापत्रिका कोणाच्या नावावर आहे, आजारी माणसाला दवाखान्यात कसे नेतात, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याला पुढे शासन निर्णयाचा मसुदा लिहिताना ते घर आठवते.

महाराष्ट्रातही हीच वाटचाल दिसते. १९६३ साली मुंबईत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज म्हणून सुरू झालेली संस्था १९८४ साली पुण्यास आली आणि १९९० साली तिला यशवंतराव चव्हाण यांचे नाव मिळाले. तीच आजची ‘यशदा’. संस्थांची नावे बदलली, विषय वाढले, संगणक आले. परंतु अधिकारी घडतो तो प्रमाणपत्राने नव्हे. सत्ता हाती येण्यापूर्वी रांगेत उभे राहण्याची, ऐकून घेण्याची आणि आपली चूक दुसऱ्याने दाखविली असता ती मान्य करण्याची जी संधी वसतिगृहात मिळते, ती पुढे सहसा मिळत नाही. पहिल्या नेमणुकीच्या ठिकाणी पहिला अर्जदार दारात उभा राहील, तेव्हा त्याला बसावयास खुर्ची दिली जाते की नाही, यावरून त्या काही महिन्यांचे मोल ठरेल.