समुद्रावरचे चक्रीवादळ आणि नगरचे माळरान

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातल्या शाळेत चक्रीवादळाचा धडा शिकवायचा म्हणजे शिक्षकापुढे एक अडचण असते. मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. नगर शहरापासून किनारा सरळ रेषेत जवळजवळ २०० किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. त्यामुळे हा धडा ओरिसा-आंध्रच्या लोकांचा, आपला नव्हे, असेच मुलांना वाटते. मात्र याच वर्गातून एखादा चौकस विद्यार्थी असा प्रश्न विचारू शकतो : "गुरुजी, हवा तापली की हलकी होऊन वर जाते, तिथे कमी दाब होतो आणि म्हणून वादळ होते, असे पुस्तकात आहे. मग मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, समुद्राचे पाणी तर ३० अंशच असते. वादळ आपल्या माळावर का होत नाही?"

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता चक्रीवादळाची सगळी यंत्रणा आपल्याला उलगडता येते.

वावटळ, वळीव आणि चक्रीवादळ

नगरच्या मुलांना फिरणारी हवा अनोळखी नाही. उन्हाळ्यात नांगरलेल्या रानातून पाचोळा उडवत जाणारी वावटळ सर्वांनी पाहिलेली असते. जमीन तापते, तिच्यालगतची हवा तापून वर उसळते आणि भोवतालची हवा तिच्याकडे धावताना गिरकी घेते. पण ही वावटळ काही मीटर रुंदीची असते आणि थोड्याच वेळात विरते. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. लवकरच ती भोवतालच्या हवेइतकीच थंड होते आणि तिची चढाई थांबते.

वळवाच्या ढगात याहून अधिक काही घडते. तिथे हवेत बाष्प असते. हवा वर जाऊन थंड झाली की बाष्पाचे पाणी होते आणि पाण्याची वाफ होताना जी उष्णता खर्ची पडली होती, ती परत मिळते. हिला सुप्त उष्णता म्हणतात. ती किती मोठी असते याचा हिशेब वर्गात सहज करता येतो. १ ग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५०० ज्यूल उष्णता मुक्त होते. १ किलोग्रॅम हवेचे तापमान १ अंशाने वाढवायला सुमारे १००० ज्यूल लागतात. म्हणजे १ किलोग्रॅम हवेतले केवळ १ ग्रॅम बाष्प पाणी झाले, तरी ती हवा अडीच अंशांनी तापते. त्यामुळे बाष्पाने भरलेली हवा चढताना कोरड्या हवेपेक्षा बरीच हळू थंड होते, भोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि १०-१५ किलोमीटर उंचीपर्यंत चढत जाते.

आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. ४० अंशांच्या हवेची सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे १० ग्रॅम बाष्प असते. समुद्रावरच्या ३० अंशांच्या हवेची आर्द्रता ८० टक्के असेल, तर तेवढ्याच हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. माळावरची हवा अधिक तापलेली असली, तरी इंधनाचा साठा समुद्रावरच्या हवेकडेच जास्त असतो. शिवाय जमिनीतला ओलावा लवकर संपतो. समुद्र मात्र बाष्प पुरवतच राहतो.

वळवाचा ढग तासाभरात का संपतो, हेही सांगायला हवे. त्याचा पाऊसच त्याला मारतो. पडणारे थेंब वाटेतल्या कोरड्या हवेत थोडे आटतात, ती हवा गार होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर पसरते. पावसाआधी अंगावर येणारा गार वारा तो हाच. त्यामुळे ढगाला खालून मिळणारा उबदार हवेचा पुरवठा तुटतो. चक्रीवादळ म्हणजे असे शेकडो ढग एकाच केंद्राभोवती संघटित होणे, आणि एक विझला तरी दुसरा पेटेल अशी व्यवस्था दिवसेंदिवस टिकणे.

वादळ बांधले जाते कसे?

या व्यवस्थेला काही अटी आहेत. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश किंवा अधिक हवे, आणि ही ऊब सुमारे ५० मीटर खोलीपर्यंत हवी. नुसता वरचा थर उबदार असेल, तर वाऱ्याने पाणी घुसळले जाऊन खालचे थंड पाणी वर येते आणि चूल विझते. मधल्या उंचीवरची हवाही दमट हवी. ती कोरडी असेल, तर वळवाच्या ढगाची जी गत तीच इथल्या ढगांची होते. आणि मुळात कमी दाबाचे एखादे क्षेत्र आधीपासून असावे लागते. वादळ शून्यातून जन्मत नाही.

ढगांच्या समूहात मुक्त झालेली सुप्त उष्णता मधल्या आणि वरच्या थरातली हवा तापवते. तापलेली हवा प्रसरण पावते आणि उंचावरून बाहेर पसरते. आता समुद्रपृष्ठावर उभ्या असलेल्या हवेच्या स्तंभातली काही हवा निघून गेल्यामुळे त्याचे वजन घटते. वायुदाब म्हणजे वरच्या हवेचे वजनच, म्हणून खाली दाब उतरतो. दाब उतरला की चहूकडून दमट हवा आत धावते, वारा वाढतो, वाऱ्यामुळे बाष्पीभवन वाढते, अधिक बाष्प म्हणजे अधिक उष्णता, आणि दाब आणखी उतरतो. हे चक्र स्वतःलाच बळ देत जाते. समुद्रसपाटीवर सरासरी दाब सुमारे १०१३ हेक्टोपास्कल असतो. १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये ओरिसावर आलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात तो ९१२ पर्यंत उतरला होता.

मग हवा सरळ केंद्रात का घुसत नाही? कारण आपली पृथ्वी फिरते आहे. उत्तर गोलार्धात वाहणारी हवा आपल्या उजवीकडे वळते. कोरिऑलिस परिणाम तो हाच. केंद्राकडे निघालेली हवा उजवीकडे वळल्यामुळे केंद्र तिच्या डाव्या हाताला राहते आणि ती त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरू लागते. उभ्या अक्षाभोवती पृथ्वीचे हे फिरणे ध्रुवावर ताशी १५ अंश असते आणि विषुववृत्तावर शून्य. नगरच्या १९ अक्षांशावर ते ताशी सुमारे ५ अंश भरते. म्हणूनच विषुववृत्तापासून ५ अंशांच्या आत चक्रीवादळे क्वचितच होतात. वावटळीचे आयुष्य इतके अल्प आणि पसारा इतका लहान, की तिच्यावर हा परिणाम दिसतच नाही. ती कोणत्याही दिशेने फिरते. मे महिन्यात मुलांना दिसलेल्या वावटळींच्या दिशा वहीत टिपून ठेवायला सांगाव्यात. दोन्ही प्रकारच्या सापडतील.

केंद्राकडे जाताना वारा वाढतो कसा, हे दाखवायला एक सोपा प्रयोग आहे. रिकाम्या पेनाच्या नळीतून दोरा ओवा. वरच्या टोकाला खोडरबर बांधून तो डोक्यावर गरगर फिरवा आणि खालून दोरा हळूहळू ओढा. वर्तुळ लहान होताच खोडरबर अधिक वेगाने फिरू लागतो. केंद्राजवळ येणाऱ्या हवेचेही तसेच होते. मात्र ती केंद्रापर्यंत पोचत नाही. काही अंतरावर ती वर वळते आणि तिथे उंच ढगांची भिंत उभी राहते. भिंतीच्या आत हवा हळूहळू खाली उतरते, म्हणून तिथे वारा मंद असतो आणि आकाश निवळलेले असू शकते. हाच वादळाचा डोळा.

आणखी एक अट उरली. खालचा आणि वरचा वारा यांच्या वेगात व दिशेत फार फरक असू नये, नाहीतर ढगांचा मनोरा कलंडतो आणि उष्णता एका जागी साठत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे खाली पश्चिमेचे आणि खूप उंचावर पूर्वेचे जोरदार वारे असतात. म्हणून भर पावसाळ्यात चक्रीवादळे जवळजवळ होत नाहीत. एप्रिल ते जूनचा आरंभ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे त्यांचे दोन हंगाम.

'निसर्ग' : एक उदाहरण

२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले. १ जूनला त्याचे अवदाब झाले, २ जूनला चक्रीवादळ आणि ३ जूनला तीव्र चक्रीवादळ. या पायऱ्या हवामान खाते वाऱ्याच्या वेगावरून ठरवते. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा असेल तर अवदाब, ५० ते ६१ असेल तर तीव्र अवदाब, ६२ ते ८८ असेल तर चक्रीवादळ आणि ८९ ते ११७ असेल तर तीव्र चक्रीवादळ. त्यावरही आणखी पायऱ्या आहेत. वादळाला 'निसर्ग' हे नाव बांगलादेशाने सुचवलेले होते.

३ जूनच्या दुपारी ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे घेऊन ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. रायगडचा दक्षिण भाग आणि रत्नागिरीतले दापोली-मंडणगड यांना त्याचा जबर तडाखा बसला, मुंबई मात्र बऱ्यापैकी वाचली. वादळ ईशान्येकडे सरकत होते. त्याच्या मार्गाच्या उजवीकडे फिरणारा वारा आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डावीकडे वजाबाकी. मुंबई डाव्या बाजूला होती.

त्यानंतर वादळ घाट चढून पुणे, नगर, नाशिक या जिल्ह्यांच्या बाजूने ईशान्येकडे गेले, पण चढता चढता उतरणीला लागले. त्या रात्रीपर्यंत ते तीव्र अवदाब आणि ४ जूनला नुसते अवदाब उरले. त्याला सह्याद्रीने अडवले, असे म्हणण्याचा मोह होतो. डोंगराचा वाटा आहेच, पण मुख्य कारण वेगळे आहे. समुद्र सुटला आणि बाष्पाचा पुरवठा तुटला. झाडे, घरे, डोंगर यांच्या घर्षणाने वारा मंदावतो आणि हवा अधिकच केंद्राकडे घुसते. तिला वर फेकणारी उष्णता आता पुरेशी नसते, म्हणून केंद्रातला खड्डा भरून निघतो.

याचा पुरावा पुढच्याच वर्षी मिळाला. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आले. जमिनीवर ते क्षीण झाले, पण तेलंगण आणि मराठवाडा ओलांडून त्याचे अवशेष गुजरातच्या किनाऱ्याला अरबी समुद्रात उतरले. तिथे उबदार पाणी मिळताच त्यातून पुन्हा चक्रीवादळ उभे राहिले. 'शाहीन' या नव्या नावाने ते ओमानवर जाऊन आदळले.

याच उदाहरणात नगरकरांसाठी धोक्याची सूचनाही आहे. जमिनीवर 'गुलाब'चा वारा मेला होता, पण त्याने वाहून आणलेले बाष्प हवेतच होते. मराठवाड्यात अतिवृष्टी होऊन नद्यांना पूर आले. वारा किनाऱ्याजवळ थकतो, पाऊस मात्र शेकडो किलोमीटर आत येतो. म्हणून 'वादळ क्षीण झाले' ही बातमी ऐकून प्रवरा किंवा गोदावरीकाठच्या गावांनी निर्धास्त होणे बरोबर नाही.

वर्गासाठी

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर उत्तर गोलार्धात कमी दाबाचे केंद्र साधारण डाव्या हाताला असते. मुलांना नकाशा देऊन विचारावे : केंद्र अलिबागजवळ असताना नगरला वारा कोणत्या दिशेने यायला हवा? केंद्र पश्चिमेला, म्हणजे डावा हात पश्चिमेला, तोंड उत्तरेला आणि वारा दक्षिणेकडून. आणि केंद्र सरकून वायव्येला गेल्यावर? वारा नैर्ऋत्येकडून. घर्षणामुळे आणि डोंगरदऱ्यांमुळे प्रत्यक्षात थोडा फरक पडेल, पण वादळ कोणीकडे चालले आहे याचा अंदाज एका जागी उभे राहून घेता येतो, हे मुलांना कळेल.

अशा अंदाजाची किंमत मोठी आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे दगावली. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' हे प्रबळ वादळ आले, तेव्हा आधीच लाखो लोकांना हलवल्यामुळे मृतांचा आकडा काही दशकांत राहिला. उपग्रह आणि संगणक यांनी मार्ग सांगितला, पण लोकांनी त्यावर विश्वास ठेवून घर सोडले म्हणून प्राण वाचले.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार, गेल्या सुमारे चार दशकांत अरबी समुद्र तापत गेला आहे आणि त्यावरच्या चक्रीवादळांची संख्या व टिकण्याचा काळ वाढला आहे. तेव्हा हा धडा नगर जिल्ह्यातही आपलाच म्हणून शिकवायला हवा. शाळेत पर्जन्यमापक असेल तर उत्तम, नसेल तर सरळ कडांचा डबा आणि पट्टी घेऊन सुरुवात करता येईल. पुढच्या वेळी समुद्रावर वादळ उठल्याची बातमी येईल, तेव्हा मुलांनी रोजचा पाऊस आणि वाऱ्याची दिशा फळ्यावर लिहावी आणि शेजारी वादळाच्या मार्गाचा नकाशा टाचावा.