अडकलेला आस आणि गिऱ्हाइकाची अमानत

वाळूत, चिखलात धावणारी तीनचाकी होंडा कंपनीने १९७० साली अमेरिकेच्या बाजारात आणली. अपघात वाढले, तेव्हा सरकारशी झालेल्या समझोत्याने १९८८ साली तिथे नव्या तीनचाकींची विक्री थांबली. आता दुरुस्तीला येतात त्या जुन्याच. सुटे भाग मुश्किलीने मिळतात, म्हणून जाणत्या हाताला किंमत आहे.

या गाडीला मागे एकच अखंड आस असतो. चिखल-पाणी सील ओलांडून आत गेले की तो बेअरिंगमध्ये गंजून बसतो. पुष्कळ मिस्त्री इथे सरळ घण उचलतात. आस निघत नाही, टोक मात्र फुलते आणि आटे मरतात.

रीत अशी आहे. चाके, हब, स्प्रॉकेट व ब्रेक ड्रम आधी उतरवावेत. आस कोणत्या बाजूने निघतो ते पाहावे. गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी तेल पुसून, पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवावी आणि हौसिंग बाहेरून बेताने तापवावे; आस तापवू नये. नट टोकाच्या बरोबरीला आणून, पितळेचा ठोकळा धरून ठोकावे. पुलर असेल तर उत्तमच. बेअरिंग व सील नवेच बसवावेत.

आम्ही कापडवाले. सुताचा गुंता ओढला की धागा तुटतो, हे आम्ही रोज पाहतो. गिऱ्हाइकाची वस्तू आपल्याकडे अमानत असते. घाईने ती मोडली तर मजुरी जाते आणि एतबारही जातो. आमच्या कारागीर भावांनी एक रात्र सब्र करावा, एवढेच आमचे सांगणे.