तळातले पाणी

१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या धडगाव-अक्कलकुव्यात सरदार सरोवराचे पाणी पसरले आणि नर्मदाकाठच्या कित्येक पाड्यांना यांत्रिक बोट हीच वाट उरली. दवाखानाही बोटीवरूनच येतो. बोटीच्या तळात पाणी साचणारच. ते बिल्ज पंप उपसतो. तो थांबला की लगेच मोटारीला दोष देऊ नये. आधी जाळीतला कचरा काढावा, फ्यूज तपासावा, तारांची गंजलेली टोके घासावीत, तरंगता स्विच हाताने उचलून पाहावा. निघण्यापूर्वी तळात बादलीभर पाणी ओतून पंप चालवावा. बँकेत कर्जाचे अर्ज पुष्कळ पाहिले; यंत्राची किंमत प्रत्येकात असे, देखभालीचा रकाना क्वचितच. बोटीत अडलेली बाई असते, तेव्हा त्या रिकाम्या रकान्याची किंमत कळते.