नलरबोरवरील फिरत्या घराचे पाणी

दक्षिण ऑस्ट्रेलियातील पोर्ट ऑगस्टापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातील नॉर्समनपर्यंत सुमारे १,६६० किलोमीटर धावणारा आयर महामार्ग नलरबोर या चुनखडीच्या अफाट मैदानातून जातो. १८४१ मध्ये एडवर्ड जॉन आयर याने समुद्रकाठाने हा प्रदेश ओलांडला, त्याचेच नाव या रस्त्याला मिळाले आहे. संपूर्ण रस्ता डांबरी व्हायला मात्र १९७६ साल उजाडले. या रस्त्यावर मोटारहोम, म्हणजे बिछाना, ओटा, फ्रिज व शौचालय असलेले आणि स्वतःच्या इंजिनावर चालणारे घर, घेऊन निघालेल्यांचा दिवस नुसता गाडी हाकण्यात जात असेल असे दुरून वाटते. प्रत्यक्षात तो पाण्याच्या हिशेबाभोवती फिरतो.

या हिशेबाचे मूळ जमिनीत आहे. सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरच्या या मैदानावर पाऊस तुटपुंजा पडतो, आणि जो पडतो तो चुनखडीतील भेगांतून व गुहांतून खाली झिरपत असल्यामुळे पृष्ठभागावर नदी उरत नाही, तर भूगर्भातले पाणी बहुतेक ठिकाणी खारे असते. म्हणून वाटेतल्या रोडहाउसना, म्हणजे इंधनपंप, खाणावळ आणि निवासाच्या खोल्या एकत्र असलेल्या थांब्यांना, पिण्याचे पाणी मोठ्या कष्टाने मिळवावे लागते आणि प्रवाशांच्या टाक्या भरून देणे त्यांना सहसा परवडत नाही. पूर्वेकडून येणाऱ्याने सेडुना येथे आणि पश्चिमेकडून येणाऱ्याने नॉर्समन येथे टाकी भरून घ्यावी, हा येथला शहाणपणा आहे. त्या नॉर्समनचे पाणीदेखील पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून शेकडो किलोमीटरच्या नळाने आलेले असते.

तथापि पाणी हवे तितके भरता येत नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो, म्हणजे शंभर लिटरची टाकी भरली की वाहनावर शंभर किलोंचा भार चढतो, आणि ऑस्ट्रेलियात मोटारीच्या साध्या परवान्यावर जास्तीत जास्त साडेचार टन एकूण भारक्षमतेचे वाहन चालवता येत असल्याने अनेक मोटारहोम या मर्यादेच्या अगदी आत बसवलेली असतात. साहजिकच बचत वापरातच करावी लागते. खरकटी ताटे आधी कागदाने पुसून मग वाटीभर पाण्यात विसळली जातात, भाजी उकळलेले पाणी सूपात जाते, आणि अंघोळीत अंग ओले केल्यावर नळ बंद करून साबण लावला जातो. नळ उघडताच १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा पंप घुरघुरू लागतो, त्यामुळे घरात कोणी किती पाणी घेतले हे इतरांना न बघताही कळते. काटकसरीची सवय लावणारा याहून चांगला शिक्षक सापडणे कठीण.

मुक्कामाची जागा निवडताना सपाटी पाहावी लागते. वीज, बॅटरी आणि गॅस या तिन्हींवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये अमोनियाचे द्रावण गुरुत्वाकर्षणाने फिरत असते. वाहन फार कलते राहिले तर हे अभिसरण अडते आणि फ्रिज गार होत नाही. म्हणून उतरल्यावर आधी पाणसळ ठेवून पाहायची आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली पाचरी सरकवायच्या, असा क्रम असतो. फ्रिजमधल्या मालालाही सीमा आहे. पश्चिमेकडे जाताना बॉर्डर व्हिलेज येथील तपासणी नाक्यावर, कीड व रोग पसरू नयेत म्हणून, ताजी फळे, बहुतेक भाज्या आणि मध काढून घेतला जातो; पूर्वेकडे जाणाऱ्यांची फळेभाज्यांची तपासणी सेडुनाला होते. यामुळे नाक्याआधीच्या मुक्कामी उरलेली भाजी शिजवून संपवण्याची रीत पडली आहे. नाक्यापलीकडे युक्ला परिसरात घड्याळेही निराळी चालतात: भारतापेक्षा सव्वातीन तास पुढे, पण पर्थपेक्षा केवळ पाऊण तास.

गाडी चालवण्याचे काम सोपे दिसते आणि म्हणूनच थकवते. बॅलाडोनिया आणि केगुना यांच्या दरम्यान रस्ता १४६.६ किलोमीटर एकही वळण न घेता जातो. समोरचा वारा इंधनाचा खप वाढवतो. रोडट्रेन, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या ट्रेलरांचा लांबलचक मालट्रक, शेजारून गेला की हवेच्या झोताने उंच मोटारहोम हलते. पुढे जाण्याची खूण रेडिओच्या ४० क्रमांकाच्या वाहिनीवर ट्रकचालकाशी बोलून ठरवणे त्यामुळे इष्ट असते. सायंकाळी कांगारू आणि वॉम्बॅट रस्त्यावर येतात, तेव्हा सूर्य मावळण्याआधी थांबणे हाच उत्तम नियम होय.

वापरलेल्या पाण्याचा प्रश्न मात्र सर्वांत गंभीर आहे. मोरी व न्हाणीतले राखी पाणी आणि शौचालयातले काळे पाणी अशी त्याची वर्गवारी करतात. काळे पाणी सुमारे वीस लिटरच्या, बाहेर ओढून काढता येणाऱ्या पेटीत साठते आणि ती ठरावीक विसर्जन-केंद्रावरच रिकामी करायची असते. चुनखडीत मातीचा थर पातळ असल्याने रस्त्याकडेला ओतलेली घाण फारशी न गाळली जाता भेगांतून भूजलाकडे उतरते. याच जमिनीखाली कूनाल्डासारख्या गुहा आहेत, जिथे वीस हजार वर्षांपूर्वीही माणसांनी गारगोटी खणली आणि मऊ भिंतींवर बोटांच्या रेघा उमटवल्या. हा प्रदेश मिर्निंग लोकांचा आहे. झाडे विरळ आहेत म्हणून ही भूमी ओसाड समजणे चूक आहे, आणि भरलेली पेटी पुढच्या केंद्रापर्यंत सोबत वाहून नेणे हे येथे येणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे किमान कर्तव्य आहे.