*पेन ड्राइव्ह “फॉरमॅट करू का?” विचारतोय? आधी थांबा!*



आज पिकाबद्दल नाही, पण कामाची माहिती आहे. दोन मिनिटं काढून वाचा आणि घरात कॉम्प्युटर वापरणाऱ्या मुलामुलींनाही दाखवा.

मागच्या हंगामात आपल्या एका सभासदाने पुण्याच्या मुलाकडून भात प्रात्यक्षिकाचे फोटो आणि माती परीक्षणाचे रिपोर्ट हार्ड डिस्कवर मागवले. मुलाचा लॅपटॉप मॅकचा. शिराळ्यात एका दुकानात डिस्क विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली, तर पडद्यावर आलं : “ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल.” बटण दाबलं आणि दोन वर्षांचे फोटो गेले. डिस्क खराब नव्हती. त्या कॉम्प्युटरला ती वाचता येत नव्हती, एवढंच.

*असं का होतं?*
डिस्क म्हणजे गोदाम समजा. कुठली फाइल कुठे ठेवली याचं आत एक स्टॉक रजिस्टर असतं. मॅक ते रजिस्टर मोडीत लिहितो आणि विंडोजला फक्त देवनागरी येते, असं धरा. विंडोजला वाटतं रजिस्टर कोरं आहे, म्हणून तो नवीन करू का विचारतो. आपण ‘हो’ म्हटलं की जुनं रजिस्टर बाद. अशा वेळी *‘कॅन्सल’ दाबा* आणि जिथे डिस्क भरली त्याच प्रकारच्या कॉम्प्युटरवर उघडा.

*रजिस्टरचे नेहमीचे प्रकार*
▪️ एनटीएफएस : विंडोजचा. मॅक यातल्या फाइली वाचतो, पण एरवी त्यात नवीन टाकू देत नाही.
▪️ एपीएफएस : मॅकचा. विंडोजला आपणहून वाचता येत नाही.
▪️ फॅट३२ : जुना, जवळपास सगळीकडे चालतो. पण ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल यात बसत नाही. ड्रोनचा लांबलचक व्हिडिओ इथेच अडतो.
▪️ एक्सफॅट : मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणला. विंडोज, मॅक आणि २०२० नंतरचं लिनक्स, तिन्हीकडे वाचताही येतो आणि लिहिताही येतो. मोठ्या फाइली बसतात.

म्हणून वेगवेगळ्या कॉम्प्युटरवर फिरणारा ड्राइव्ह *एक्सफॅट* ठेवा. जुना टीव्ही किंवा ट्रॅक्टरवरचा साऊंड एक्सफॅट ओळखत नसेल, तर गाण्यांसाठी छोटा पेन ड्राइव्ह वेगळा, फॅट३२ चा ठेवा.

*विंडोजवर कसं करायचं?*
१. ड्राइव्हमधलं सगळं आधी दुसरीकडे कॉपी करा. दोन-चार फाइली उघडून बघा. फॉरमॅट केल्यावर आतलं काही राहत नाही.
२. ‘धिस पीसी’ उघडा. ड्राइव्हचं नाव आणि जीबी नीट बघा. चुकून ‘डी’ ड्राइव्ह निवडला तर कॉम्प्युटरमधलाच हिशेब जाईल. शंका असेल तर ड्राइव्ह काढून बघा, जो दिसेनासा होतो तो आपला.
३. त्यावर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ निवडा.
४. ‘फाइल सिस्टीम’मध्ये एक्सफॅट घ्या. ‘अलोकेशन’चा आकडा आहे तसाच ठेवा.
५. ‘क्विक फॉरमॅट’वर टिक ठेवून ‘स्टार्ट’ करा.

मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’ उघडा, बाहेरचा ड्राइव्ह निवडा, ‘इरेज’मध्ये एक्सफॅट घ्या.

*एक सावधगिरी*
एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेलं लिहिणं सावरायची सोय नाही. कॉपी चालू असताना लाईट गेली किंवा ड्राइव्ह तसाच उपटला, तर रजिस्टर बिघडू शकतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा भरवसा किती, हे तुम्हाला सांगायला नको. ‘इजेक्ट’ करूनच ड्राइव्ह काढा. आणि सातबारा, कर्जाची कागदं, विमा पावती यांची एकच प्रत कधीच ठेवू नका. एक ड्राइव्हवर, एक दुसरीकडे.

*चुकून फॉरमॅट झालंच तर?*
घाबरू नका, पण त्या ड्राइव्हवर *नवीन काहीही टाकू नका.* क्विक फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा फक्त रजिस्टर बदलतं, पोती गोदामातच असतात. नवीन माल त्यावर रचला की मग ती मिळत नाहीत. ड्राइव्ह काढून बाजूला ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराला दाखवा. सगळं मिळेलच असं नाही, पण बरंच हाती लागू शकतं.

कंपनीच्या कार्यालयात फाइली द्यायला येताना ड्राइव्ह एक्सफॅट करून आणा. जमलं नाही तर तसाच आणा, तुमच्यासमोर प्रत काढून मगच फॉरमॅट करून देऊ.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, शिराळा