मुंबईहून लंडनला किती तास?

ज्या घरातील मुलगा किंवा सून विलायतेस असते, त्या घरातील वडीलधाऱ्या मंडळींस विमानाचे तिकीट हाती आले म्हणजे एक कोडे हमखास पडते: हिवाळ्यात मुंबईहून रात्री दोनला निघालेले विमान लंडनला सकाळी साडेसहाला उतरत असेल, तर हा प्रवास साडेचार तासांचाच मानावा की काय? तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेली असते, आणि लंडनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते, एवढे ध्यानात घेतले की कोडे सुटते. खरा प्रवास साधारण दहा तासांचा.

अंतराचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. सहार ते हीथ्रो हे अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते, पण ते मर्केटर पद्धतीच्या नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले नव्हे. पट्टीने आखलेल्या रेषेचा मध्य तुर्कस्तानच्या दक्षिण भागात पडतो. उलट पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर त्याचा मध्य कितीतरी उत्तरेकडे, जॉर्जियाच्या तिबिलिसी शहराजवळ येतो, आणि हा वाकडा भासणारा मार्गच सर्वांत जवळचा ठरतो. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरविताना उत्तरेकडील प्रदेश ताणले जातात, त्याचा हा परिणाम.

तथापि दोऱ्याला कोणाचा परवाना लागत नाही, विमानाला लागतो. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारीअखेरपासून जुलैपर्यंत आपली हवाई हद्द बंद ठेविली, आणि २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांस बंद आहे. अशा वेळी दोरा सोडून वळसा घालणे प्राप्तच होते. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून प्रथम लंडनला निघाले, तेव्हा तर कैरो आणि जिनिव्हा येथे मुक्काम करीतच जावे लागले.

आता वारा. विमान पश्चिमेस जाताना पृथ्वी खालून त्याच्याकडे फिरत येते, सबब वेळ वाचावयास हवा, असे पुष्कळांस वाटते. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरत असल्यामुळे हा तर्क टिकत नाही. वस्तुतः दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान झोत जाताना आडवे येतात आणि येताना पाठीशी राहतात. ताशी ९०० किलोमीटर वेगाच्या विमानाला वाऱ्याविना आठ तास लागतील. समोरून १०० किलोमीटरचा वारा असेल तर नऊ, आणि तोच पाठीशी असेल तर सात तास बारा मिनिटे. वाऱ्याचा हा जमाखर्च, गंमत अशी की, कधीच बरोबरीत सुटत नाही: जाताना एक तास गमावला, परतताना मिळाली अठ्ठेचाळीसच मिनिटे!

शिवाय वेळापत्रकातील वेळ ही केवळ उड्डाणाची नसते. चाकांखालची अटकणी काढल्यापासून ती पुन्हा लावीपर्यंतचा सारा वेळ तीत धरलेला असतो, आणि मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदत असल्याने तेथील रांगेतच बराचसा खर्ची पडतो. कंपन्या म्हणूनच थोडी मिनिटे पदरची घालून ठेवतात. ती मिनिटे वाचली तरी विमान लगेच उतरतेच असे नाही. हीथ्रोभोवती ठरवून दिलेल्या चार प्रतीक्षास्थानांपैकी एखाद्यावर, बोव्हिंगडनच्या किंवा बिगिन हिलच्या माथ्यावर, ते आपली पाळी येईतो घिरट्या घालीत राहते.