खिशातला चाकू : पोलादाची पारख

घडीचा चाकू घेताना पूर्वी गिऱ्हाईक मूठ पाहत असे. आता ते पात्यावर कोरलेले पोलादाचे नाव वाचते. नाव भारी असले की किंमतही चढते. म्हणून विकणाऱ्याने आणि घेणाऱ्यानेही या नावांमागचा अर्थ समजून घ्यावा.

पात्याकडून तीन अपेक्षा असतात : धार टिकावी, टवके उडू नयेत आणि गंज चढू नये. तिन्ही एकाच वेळी पुरेपूर मिळत नाहीत. धार टिकविण्याचे काम पोलादातील कार्बाइडचे कठीण कण करतात. पण हे कण मोठे झाले की पाते ठिसूळ होते. यावर उपाय म्हणून पावडर पोलाद आले. वितळलेल्या पोलादावर वायूचा झोत मारून त्याची भुकटी करतात आणि ती उष्णता व दाब देऊन पुन्हा एकसंध करतात. त्यामुळे कण बारीक राहतात. अमेरिकेच्या क्रुसिबल कंपनीने २००१ मध्ये आणलेले एस-३०व्ही आणि ऑस्ट्रियातील बोलरचे एम-३९० ही याच जातीची पोलादे.

गंजाचा हिशेब मात्र फसवा आहे. क्रोमियम जास्त तर गंज कमी, असे दुकानात सर्रास सांगतात. डी-२ या जुन्या पोलादात सुमारे १२ टक्के क्रोमियम असूनही ते गंजते, कारण त्यातले बरेचसे क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकून पडते. लॅरिन थॉमस या अमेरिकन धातुशास्त्रज्ञाने तयार केलेले मॅग्नाकट २०२१ मध्ये बाजारात आले. त्यात क्रोमियम अवघे १०.७ टक्के, पण कार्बाइड व्हॅनेडियम आणि नायोबियमचे बनतात व क्रोमियम मोकळे राहते. म्हणून ते १४ टक्के क्रोमियमच्या एस-३०व्हीपेक्षाही कमी गंजते. मासळी चिरणाऱ्याने आणि खाऱ्या हवेत राहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण धार लावण्याची. एस-३०व्हीमध्ये ४ टक्के व्हॅनेडियम आहे आणि व्हॅनेडियमचे कार्बाइड धारेच्या नेहमीच्या दगडाहूनही कठीण असते. दगडावर तासभर घासूनही मनासारखी धार येत नाही. हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. असे पाते धारवाल्याच्या कोरड्या चाकावर तर देऊच नये. कड तापते आणि तिचे पाणी उतरते. घरात साधा दगडच असेल तर स्वीडनचे १४सी२८एन बरे. त्याची धार लवकर जाते हे खरे, पण तितक्याच लवकर परतही येते. फळे, दोरी, खोकी कापायला आमच्या मते ते पुरेसे आहे. भारी पोलादाचे पैसे वाचतात ते वेगळेच.

आणि पोलाद एकच असले तरी पाणी देणारे हात वेगळे असतात. तेच मॅग्नाकट कोणी रॉकवेल मापाने ६० च्या आसपास ठेवतो, कोणी ६३ पर्यंत नेतो. नरम ठेवलेले पाते लवकर बोथट होते. हा आकडा पात्यावर बहुधा कोरलेला नसतो. दुकानदाराला तो विचारावा, आणि दुकानदाराने तो माल मागवतानाच विचारून ठेवावा.